माणशी दराचा भूगोल : ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांवरील एकट्याचा काटकसरी प्रवास

प्रवासात होणाऱ्या खर्चाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. बसचे तिकीट, वसतिगृहातील खाट आणि खाणावळीतील ताट यांचे दर माणशी ठरलेले असतात. हॉटेलची खोली, भाड्याची मोटार आणि तिच्यात भरावे लागणारे इंधन यांचा दर मात्र त्यांचा लाभ एकाने घेतला की चौघांनी, यावर अवलंबून नसतो. कुटुंबासह किंवा मित्रांच्या टोळीने निघालेल्यांना दुसऱ्या प्रकारचा खर्च वाटून घेता येतो, पण एकट्या प्रवाशाला तो पूर्णपणे एकट्यानेच सोसावा लागतो. त्यामुळे एकट्याने आणि कमी पैशांत फिरू पाहणाऱ्याच्या दृष्टीने एखादा देश महाग की स्वस्त हा प्रश्न दुय्यम ठरतो. त्या देशाच्या कोणत्या भागात सेवा माणशी दराने मिळतात आणि कोणत्या भागात त्या मिळेनाशा होतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो.

पुण्यातील प्रवाशाला हा फरक सहसा जाणवत नाही, कारण स्वारगेट किंवा शिवाजीनगरहून सुटणारी एसटी महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांपर्यंत एका आसनाचे भाडे घेऊन पोहोचवते, आणि जिथे एसटी थांबते तिथून पुढे वडापची जीप मिळते. ही सोय दाट लोकवस्तीमुळे शक्य झालेली आहे. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७६.९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पंचवीसपट आहे, आणि लोकसंख्या मात्र सुमारे २.७ कोटी आहे. तीही देशभर विखुरलेली नसून ब्रिस्बेन, सिडनी, मेलबर्न व अॅडलेड यांना जोडणाऱ्या आग्नेय किनारपट्टीवर प्रामुख्याने एकवटलेली आहे. परिणामी या पट्ट्यात रेल्वे व बस यांचे जाळे आहे, आणि तो ओलांडला की शेकडो किलोमीटरपर्यंत स्वतःच्या वाहनावाचून गत्यंतर उरत नाही.

खंड ओलांडणारी सायकल

या रित्या अंतराचा अर्थ पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांच्या प्रवासातून चांगला स्पष्ट होतो. ब्रिटनमधील बोर्नमथ विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असताना, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी जुलै २०१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली. पर्थहून जवळपास अख्खा खंड आडवा कापत त्या ब्रिस्बेनला पोहोचल्या, तेथून विमानाने न्यूझीलंडमधील वेलिंग्टनला गेल्या, तो देश दक्षिणेकडून उत्तरेकडे पार केल्यानंतर कॅनडा, युरोप व रशिया असा मार्ग घेत भारतात आल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये कोलकात्यात त्यांचे सुमारे २९,००० किलोमीटरचे अंतर पूर्ण झाले. चौदा देशांतील हा प्रवास १५९ दिवसांचा होता आणि त्यातील सुमारे ८० टक्के अंतर त्यांनी पूर्णपणे एकटीने कापले. अशा प्रदक्षिणेसाठी एकाच दिशेने जाणे, किमान १८,००० मैल सायकल चालवणे आणि पृथ्वीगोलावर एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध बाजूंना असलेल्या दोन ठिकाणांना स्पर्श करणे अपेक्षित असते. अशा ठिकाणांना प्रतिध्रुवस्थ बिंदू म्हणतात, आणि न्यूझीलंडचा मध्यभाग व स्पेन ही अशा जोडीची दोन टोके असल्यामुळे विक्रमासाठी निघणाऱ्या अनेकांच्या मार्गात हे दोन्ही देश असतात.

पश्चिम आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया यांना थेट जोडणारा डांबरी रस्ता एकच आहे. नॉर्समन ते पोर्ट ऑगस्टा असा सुमारे १,६६० किलोमीटर धावणारा हा आयर महामार्ग नलारबॉर या चुनखडीच्या, जवळजवळ वृक्षहीन पठाराच्या कडेने जातो, आणि बॅलाडोनिया ते कायगुना यांदरम्यानचा त्याचा १४६.६ किलोमीटरचा तुकडा एकही वळण न घेता सरळ रेषेत आहे. या रस्त्यावर गावे जवळजवळ नाहीतच. त्यांची जागा रोडहाऊस नावाची ठाणी घेतात, जिथे पेट्रोलपंप, उपाहारगृह, काही खोल्या आणि तंबूसाठी जागा एकत्र असतात. लागोपाठच्या दोन ठाण्यांमधील अंतर काही ठिकाणी १८० किलोमीटरहून अधिक भरते. चुनखडीत पाणी मुरून जात असल्याने भूपृष्ठावर प्रवाह टिकत नाहीत, त्यामुळे पिण्याचे पाणी बरोबर बाळगावे लागते आणि ठाण्यांवर ते बहुधा विकत घ्यावे लागते. मालाची ने-आण लांबून होत असल्याने इंधनापासून पावापर्यंत सर्व वस्तूंचे दर शहरापेक्षा चढे असतात.

सायकल हे अशा प्रदेशात माणशी खर्चाचे एकमेव वाहन ठरते, कारण तिला इंधन लागत नाही आणि तंबू टाकायला रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळांची मोकळी जागा पुरते. तथापि तिच्यामुळे वाचलेल्या पैशाची भरपाई वेळ, शरीर आणि पूर्वतयारी यांतून करावी लागते. कुलकर्णी यांच्या तयारीला सुमारे दोन वर्षे लागली, मोहिमेच्या खर्चाचा मोठा भार कुटुंबाने उचलला, आणि वाटेत व्हिसाच्या अडचणीमुळे वेळापत्रक लांबल्याने युरोपातील कडाक्याची थंडी सोसावी लागली. स्नायूंच्या बळावर अंतर कापता येते, पण कागदपत्रांना झालेला विलंब तसा कापता येत नाही, हा त्यातील धडा सामान्य प्रवाशालाही लागू पडतो.

माणशी दर जिथे टिकून आहेत

सायकलवीर नसलेल्या प्रवाशासाठी आग्नेय किनारपट्टी हाच काटकसरीचा खरा प्रदेश आहे. तेथील सार्वजनिक वाहतुकीचे दर ठरवण्याचे अधिकार राज्य सरकारांकडे असून गेल्या काही वर्षांत त्यांनी घेतलेले निर्णय एकट्या प्रवाशाच्या पथ्यावर पडणारे आहेत. व्हिक्टोरिया राज्याने ३१ मार्च २०२३ पासून व्ही-लाइन या प्रादेशिक रेल्वेच्या भाड्याला मेलबर्न महानगरातील दैनिक भाड्याइतकीच कमाल मर्यादा घातली, त्यामुळे मेलबर्नहून अडीचशे किलोमीटरहून दूर असलेल्या वॉर्नम्बूलपर्यंतचा प्रवासही शहरातील दिवसभराच्या पासाच्या किमतीत होतो. क्वीन्सलँडने ऑगस्ट २०२४ पासून शहर व उपनगर वाहतुकीचे भाडे सरसकट ५० सेंट केले आणि प्रायोगिक म्हणून सुरू झालेली ही योजना पुढे कायम केली. मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात ट्रामचा प्रवास २०१५ पासून विनामूल्य आहे, तर पर्थ व अॅडलेड येथे शहराच्या मध्यभागी फुकट बसफेऱ्या चालतात. सिडनी ते मेलबर्न ही रेल्वे सुमारे ११ तास आणि सिडनी ते ब्रिस्बेन ही सुमारे १४ तास घेते. रात्रीची गाडी धरली तर मुक्कामाचे भाडेही वाचते.

मुक्कामाच्या बाबतीत माणशी दराचे तत्त्व हॉस्टेलमध्ये दिसते. हॉस्टेल म्हणजे जिथे खोलीऐवजी सामायिक दालनातील खाट भाड्याने मिळते आणि स्वयंपाकघर सर्वांना वापरता येते असे प्रवासी वसतिगृह होय. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातील पदभ्रमण मोहिमांमुळे ही कल्पना मराठी गिर्यारोहकांना अपरिचित नाही. ऑस्ट्रेलियातील वायएचए ही संस्था त्याच आंतरराष्ट्रीय महासंघाची घटक आहे. स्वयंपाकघर हा यातील सर्वांत मोलाचा भाग असतो. ऑस्ट्रेलियात मजुरीचे दर उंच असल्याने शिजवलेले अन्न महाग आणि न शिजवलेले तुलनेने स्वस्त असते, त्यामुळे डाळ-तांदूळ आणून स्वतः भात शिजवणारा प्रवासी बाहेर जेवणाऱ्याच्या मानाने फार कमी पैशांत राहतो. सार्वजनिक उद्यानांतील विजेच्या शेगड्या बहुतेक ठिकाणी फुकट वापरता येतात, नळाचे पाणी शहरांत पिण्याजोगे असते आणि उपाहारगृहात बक्षिशी देण्याची प्रथा नाही. कॅनबेरातील युद्धस्मारक व राष्ट्रीय संग्रहालय आणि मेलबर्नमधील नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरिया यांच्या कायमस्वरूपी संग्रहांना प्रवेशशुल्क नाही.

मात्र पुण्याहून निघताना घरचा खाऊ बांधून घेण्याची सवय येथे आवरावी लागते. ऑस्ट्रेलियाची शेती व पशुधन बाहेरील रोगांपासून जपण्यासाठी असलेली जैवसुरक्षा यंत्रणा अतिशय कडक आहे. भारतात जनावरांच्या लाळ-खुरकूत रोगाचा प्रादुर्भाव असल्याने पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, आणि बाकरवडी, लोणचे वा मसाले नेल्यास विमानातून उतरताना भरावयाच्या पत्रकात त्यांची नोंद करावी लागते. नोंदवलेला पदार्थ फार तर जप्त होतो, न नोंदवलेला सापडला तर मोठा दंड होतो. देशांतर्गतही हा नियम सुटत नाही, कारण पश्चिम ऑस्ट्रेलियात रस्त्याने शिरताना फळे, भाज्या व मध सीमेवरच काढून घेतले जातात.

जिथे माणशी दर संपतात

उलुरू हा वालुकाश्माचा प्रचंड एकसंध डोंगर पाहण्यासाठी जवळचे मोठे शहर असलेल्या अॅलिस स्प्रिंग्जहून सुमारे ४५० किलोमीटर जावे लागते, आणि तेथे भाड्याची मोटार किंवा सहल कंपनीची गाडी यांवाचून फारसा पर्याय नसतो. सिडनी ते पर्थ ४,३५२ किलोमीटर धावणारी इंडियन पॅसिफिक ही रेल्वे आता ऐषारामी पर्यटनगाडी झाली असून तिचे भाडे विमानापेक्षा कितीतरी अधिक आहे. अशा भागांत एकट्या प्रवाशापुढे दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे हॉस्टेलमधील सूचनाफलकावरून सहप्रवासी गाठून इंधन वाटून घेणे, म्हणजेच मुळात माणशी नसलेला खर्च माणशी करून घेणे. दुसरा मार्ग वाहन परत पोहोचवण्याचा आहे. एका शहरात घेतलेली फिरती घरे, म्हणजे झोपण्या-रांधण्याची सोय असलेल्या मोटारी, पर्यटक दुसऱ्या शहरात सोडून देतात. ती वाहने मूळ ठिकाणी आणण्याचा खर्च टाळण्यासाठी कंपन्या दिवसाला एखादा डॉलर एवढ्या नाममात्र भाड्यात ती चालवायला देतात. दिवस व किलोमीटर यांची मर्यादा मात्र घट्ट असते आणि जास्तीच्या इंधनाचा भार प्रवाशावरच पडतो, त्यामुळे हा व्यवहार वरवर दिसतो तितका फुकटचा नसतो.

सुरक्षितता हाही वाटून न घेता येणारा खर्च आहे. सोबती असेल तर एक जण मदत आणायला जाऊ शकतो, एकट्याला ती सोय नसते. म्हणून मोबाइलचे जाळे नसलेल्या अंतर्भागात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे संकटसूचक यंत्र बाळगण्याची शिफारस केली जाते आणि ते काही ठिकाणी भाड्यानेही मिळते. समुद्रावर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहावे, हा नियमही त्याच काळजीतून आलेला आहे, कारण किनाऱ्यापासून आत ओढून नेणारे प्रवाह वरून ओळखू येत नाहीत आणि जीवरक्षकांची नजर त्या पट्ट्यावरच असते.

ऋतू आणि कागद

दक्षिण गोलार्धातील ऋतुचक्र उलटे असल्याने डिसेंबर-जानेवारी हा तेथील उन्हाळा, शाळांच्या मोठ्या सुट्टीचा आणि चढ्या दरांचा काळ असतो. उत्तर ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असून त्याच महिन्यांत नैर्ऋत्य पॅसिफिकमध्ये चक्रीवादळे येतात. मे ते ऑक्टोबर हा दोन्हींकडे कोरडा काळ. पुण्यातील विद्यार्थी व शिक्षक यांना परीक्षांनंतर मिळणारी मे महिन्याची सुट्टी या दृष्टीने सोयीची आहे, कारण तेव्हा दक्षिणेत सौम्य शरद ऋतू आणि उत्तरेत व बेटांवर कोरड्या हंगामाचा आरंभ असतो, आणि गर्दीही कमी असते.

लोहगाव विमानतळावरून ऑस्ट्रेलियाला थेट विमान नाही. मुंबई गाठून किंवा आग्नेय आशियातील एखाद्या शहरात विमान बदलून जावे लागते. ऑस्ट्रेलियाचा पर्यटक व्हिसा आधी काढावा लागतो, त्याचे शुल्क सुमारे २०० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. फिजी मात्र भारतीय पारपत्रधारकांना चार महिन्यांपर्यंत आगाऊ व्हिसाशिवाय प्रवेश देते. वानुआतू, सामोआ आणि कुक बेटे यांचेही धोरण अल्प मुक्कामासाठी उदार आहे. याउलट न्यू कॅलेडोनिया फ्रान्सच्या अखत्यारीत असल्यामुळे तेथे व्हिसा लागतो. येथे एक सूक्ष्म अडचण आहे : बेटांकडे जाणारी बरीच विमाने ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधून जातात आणि नुसते विमान बदलण्यासाठीही भारतीयांना त्या देशांचा संक्रमण व्हिसा घ्यावा लागतो. सिंगापूरहून थेट फिजीतील नाडी येथे जाणारे विमान धरल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

तरुणांसाठी याखेरीज कमावत फिरण्याची वाट २०२४ पासून खुली झाली आहे. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी झालेला आणि २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेला आर्थिक सहकार्य व व्यापार करार हा तिचा आधार असून, त्यानुसार १८ ते ३० वयोगटातील १,००० भारतीयांना दरवर्षी वर्षभर राहण्याचा, हिंडण्याचा आणि मधूनमधून नोकरी करण्याचा व्हिसा मिळतो. बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामचलाऊ इंग्रजी आणि सुरुवातीच्या निर्वाहापुरते पैसे या त्याच्या अटी आहेत. निवड सोडतीने होते आणि नावनोंदणीचे शुल्क २५ डॉलर होते. पहिल्याच सोडतीत जागांच्या कैक पटींनी नावे आली, त्यामुळे या वाटेवर भिस्त ठेवून बेत आखणे शहाणपणाचे नाही.

बेटांवरील हिशेब

पॅसिफिक बेटे महाग, ही समजूत तेथील पर्यटननिवासांच्या जाहिरातींतून रुजली आहे. हे निवास खोलीच्या दराने चालतात आणि एकट्या प्रवाशाला दोघांचे पैसे मोजायला लावतात. पण त्याच बेटांवर स्थानिक लोकांसाठी चालणारी दुसरी अर्थव्यवस्था पूर्णपणे माणशी दराची आहे. तीनशेहून अधिक बेटांच्या फिजीमध्ये व्हिटी लेवू या मुख्य बेटाला क्वीन्स रोड व किंग्ज रोड हे दोन रस्ते मिळून वळसा घालतात आणि नाडी ते राजधानी सुवा हा प्रवास साध्या बसने चार-पाच तासांत होतो. बाजारात रोटीत भाजी गुंडाळून मिळणारे पुडके हे तेथील स्वस्त जेवण आहे. यासावा द्वीपसमूहाकडे जाणारी वेगवान बोट ठरावीक दिवसांचा पास देते आणि तेथील साध्या निवासांत खाट मिळते; दुकाने नसल्याने जेवणाचे पैसे मात्र सक्तीने भरावे लागतात, हे अंदाजपत्रकात आधीच धरायला हवे.

ही रोटी तेथे पोहोचली त्या इतिहासाचा एक धागा पुण्याशी जुळलेला आहे. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास हे जहाज भारतीय मजुरांची पहिली तुकडी घेऊन फिजीत पोहोचले आणि १९१६ पर्यंत सुमारे ६०,००० मजूर पाच वर्षांच्या करारावर तेथे नेण्यात आले. या कराराला मजुरांच्या तोंडी गिरमिट असे नाव पडले. त्यांतील बहुसंख्य मजूर सिडनीच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीसाठी पिकणाऱ्या उसात राबले. पुण्यात १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमतामुळे तो फेटाळला गेला, तरी त्यामुळे उभे राहिलेले लोकमत वाढत गेले आणि अखेर १ जानेवारी १९२० रोजी उरलेले करार रद्द झाले. म्हणून फिजीतील हिंदी, देवळे आणि मसाल्यांचा वास यांकडे भारतीय प्रवाशाने केवळ घरगुती सोय म्हणून पाहू नये. त्यामागे मजुरीचा कठोर इतिहास आहे आणि त्या भूमीवर मूळच्या इतौकेई समाजाचा हक्कही तितकाच जिवंत आहे. त्यांच्या गावात शिरताना प्रमुखाला यंगोना या झुडपाच्या मुळ्यांची जुडी अर्पण करण्याची सेवुसेवू ही रीत पाळावी लागते. बाजारातून ती जुडी आधी विकत घेणे हा तेथील शिष्टाचाराचा छोटासा माणशी खर्च होय.

सामोआतील किनाऱ्यांवर फाले नावाच्या, खांबांवर उभ्या असलेल्या आणि भिंती नसलेल्या शाकारलेल्या झोपड्या स्थानिक कुटुंबे भाड्याने देतात, त्यांचा दर सहसा माणशी असून त्यात नाश्ता व रात्रीचे जेवण येते. तेथे रविवारी बहुतेक व्यवहार बंद असतात, याची नोंद ठेवावी लागते. वानुआतूमध्ये बेटाबेटांतील प्रवास मुख्यतः विमानाने होतो, आणि मे २०२४ मध्ये तेथील राष्ट्रीय विमान कंपनी एअर वानुआतू अचानक दिवाळखोरीत गेल्याने अनेक पर्यटक अडकून पडले. लहान देशांतील एकुलत्या एका वाहतूकदारावर विसंबताना एक-दोन दिवस व काही पैसे हाताशी राखणे किती गरजेचे असते, ते या घटनेने दाखवून दिले.

यावरून आखणीचा क्रम निघतो. मर्यादित पैसे घेऊन एकट्याने निघणाऱ्या पुणेकराने प्रथम व्हिसा व विमानमार्ग, नंतर ऋतू आणि सर्वांत शेवटी प्रेक्षणीय स्थळे ठरवावीत. मेलबर्न ते ब्रिस्बेन हा रेल्वेचा पट्टा आणि फिजीतील बसचा फेरा हे दोन भाग एका प्रवासात जोडावेत, आणि उलुरू, नलारबॉर किंवा पश्चिम किनारा यांचा समावेश करायचा असल्यास त्यासाठी सोबती तरी मिळवावेत किंवा सायकलस्वाराइतका वेळ तरी राखून ठेवावा. सोबती व वेळ या दोन्हींपैकी काहीच हाती नसताना नकाशावरचे सर्व ठिपके एका सुट्टीत जोडू पाहणे, हीच या प्रदेशातील खरी उधळपट्टी ठरते.